जुन्या राजचित्राखालचे नाव संशयास्पद वाटल्यास चित्रातील व्यक्ती कशी ओळखावी

कोल्हापुरात जुन्या राजचित्राखाली पुष्कळदा ‘शिवाजी महाराज’ किंवा ‘राजाराम महाराज’ एवढेच लिहिलेले आढळते. करवीरच्या गादीवर ही नावे पुन्हा पुन्हा आल्यामुळे एकाचे नाव दुसऱ्याच्या चित्राला सहज चिकटते.

सर्वप्रथम चित्राचे पुढून, मागून आणि चौकटीसह छायाचित्र घ्यावे. मागची चिठ्ठी, शिक्का, चित्रकाराची सही आणि अक्षर मोडी आहे की बालबोध, याची नोंद करावी. चिठ्ठी कधीही सोलून काढू नये, कारण चुकीची चिठ्ठीसुद्धा चित्र कोठून आले याचा पुरावा असते.

त्यानंतर वय पाहावे. कोल्हापूरच्या बाबतीत ही कसोटी फार उपयोगी पडते. कोल्हापूरचे छत्रपती बाबासाहेब महाराज (यांचेही नाव शिवाजीच) १८६६ साली पस्तिशीच्या सुमारास वारले, १८७० साली फ्लॉरेन्स येथे निधन पावलेले राजाराम महाराज आणि १८८३ साली अहमदनगर येथे निधन पावलेले शिवाजी महाराज हे दोघेही अवघे वीस वर्षांचे होते. त्यामुळे पिकल्या मिशांच्या पुरुषाखाली यांपैकी कोणाचे नाव असेल, तर ते बाजूला ठेवावे. चेहऱ्यातील घराण्याच्या साम्यावर मात्र भिस्त ठेवू नये. हे राजाराम, हे शिवाजी आणि त्यांच्यानंतरचे राजर्षी शाहू असे लागोपाठ तीन छत्रपती दत्तक आले होते. शाहू महाराज जन्माने कागलचे घाटगे.

पुढची पायरी मानचिन्हांची. ‘स्टार ऑफ इंडिया’ हा ब्रिटिश राजवटीचा किताब १८६१ साली सुरू झाला आणि त्याचा पट्टा फिकट निळा, पांढऱ्या काठांचा असतो. ‘इंडियन एम्पायर’ किताबाचा पट्टा गडद जांभळा असतो. शाहू महाराजांना यांतील पहिल्याचा सर्वोच्च दर्जा १८९५ साली आणि दुसऱ्याचा १९११ साली मिळाला. म्हणून जांभळा पट्टा ल्यालेले त्यांचे चित्र त्याआधीचे असू शकत नाही. हे पट्टे उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरतात. ते उलट दिसल्यास छायाचित्र उलटे छापले गेले आहे का, हे तपासावे. मात्र शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांनाही हे दोन्ही किताब मिळाले होते, त्यामुळे पट्ट्यावरून काळ ठरतो, व्यक्ती नव्हे. शिवाय, छायाचित्रावरून निधनानंतर काढलेल्या तैलचित्राचा काळ आणि चित्रातील व्यक्तीचा काळ वेगळे असतात, हा भेद सतत लक्षात ठेवावा.

आता निश्चित ओळख असलेल्या प्रतिमांशी तुलना करावी. फ्लॉरेन्सच्या कासिने उद्यानातील राजाराम महाराजांचा अर्धपुतळा आणि नवीन राजवाड्यातील संग्रहालयातील चित्रे येथे उपयोगी पडतील. फेटा, दागिने आणि मिशांची ठेवण बदलते; कानाची पाळी, भुवयांमधील अंतर आणि हनुवटी यांकडे अधिक लक्ष द्यावे. चित्र दरबारने करवून घेतले असावे असे वाटल्यास कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात त्यासंबंधी कागद शोधावेत. माझ्या मते, असा एक समकालीन कागद चेहऱ्यांच्या दहा तुलनांपेक्षा वजनदार ठरतो.

शेवटी नवी पाटी लिहिताना केवळ ‘चौथे’, ‘पाचवे’ असे क्रमांक घालू नयेत, कारण ही मोजणी ग्रंथागणिक बदलते. नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे द्यावीत. पुरावा अपुरा असल्यास ‘बहुधा’ हा शब्द न संकोचता लिहावा आणि जुने नाव ‘पूर्वीची नोंद’ म्हणून त्याच पाटीवर ठेवावे.