सिम्युलेटरमधल्या विमानाची वीज अचानक गेली तर

उड्डाण नीट चाललेलं असतं आणि एकाएकी रेडिओ गप्प होतो, पडदे काळे पडतात, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) जागचे हलत नाहीत. इंजिन मात्र चालूच! अशा वेळी सिम, म्हणजे सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. आधी एकच गोष्ट ठरवा: वीज गेली ती पडद्यावरच्या विमानाची, की तुमच्या टेबलावरच्या कॉकपिटची?

त्यासाठी पडद्यावरचा तोच स्विच माउसने दाबून पाहा. माउसने काम झालं, तर विमान ठणठणीत आहे. दोष तुमच्या पॅनेलच्या वायरिंगमध्ये किंवा कुठल्या बटणाला कुठली कमांड दिली आहे त्यात आहे. माउसनेही काही होत नसेल, तर विमानाची विद्युत यंत्रणाच बंद पडली आहे. आणि पॅनेलचे एलईडी, जॉयस्टिक, थ्रॉटल सगळं एकदम गेलं असेल, तर यूएसबीकडे वळा.

विमानाची यंत्रणा बंद असेल तर व्होल्टमीटर किंवा अ‍ॅमीटर वाचायची सवय लावून घ्या. उदाहरण सेसना १७२एसचं घेऊ. यंत्रणा २८ व्होल्टची, बॅटरी २४ व्होल्टची, अल्टरनेटर (इंजिनावर चालून वीज बनवणारं यंत्र) ६० अँपिअरचा. काटा २८च्या आसपास असेल तर अल्टरनेटर बॅटरी भरतोय. २४च्या आसपास येऊन हळूहळू उतरत असेल, तर सगळा भार एकट्या बॅटरीवर आहे, साधारण २४.५ व्होल्टच्या खाली ‘लो व्होल्ट्स’चा दिवाही लागतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएम) तो लागला तर घाबरायचं कारण नाही, थ्रॉटल थोडा वाढवला की विझतो. हवेत लागला तर मात्र दखल घ्या: एव्हिऑनिक्स (रेडिओ, पडदे वगैरे इलेक्ट्रॉनिक उपकरणं) स्विच बंद करा, अल्टरनेटर फील्डचा ब्रेकर आत आहे का पाहा, मास्टर स्विचचे दोन्ही भाग (बॅटरी आणि अल्टरनेटर) बंद करून पुन्हा चालू करा. दिवा विझला तरच एव्हिऑनिक्स परत सुरू करा.

इथेच बहुतेक जण फसतात. समजा बॅटरी १२ अँपिअर-तासांची आहे आणि भार २४ अँपिअर. हिशेबाने ती अर्धा तास पुरेल. व्होल्टेज आधीच घसरत असल्याने उपकरणं त्याहून लवकर बंद पडतील. म्हणजे चूक आणि अंधार यांच्यात वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर असू शकतं. त्यामुळे अंधार झाला त्या क्षणी काय केलं हे शोधण्यात अर्थ नाही. अल्टरनेटर बंद कधी झाला, हे शोधा.

आणि तो बंद व्हायचं नेहमीचं कारण म्हणजे ‘टॉगल’ कमांड. टॉगलला चालू-बंद कळत नाही, ती फक्त आहे ती स्थिती उलटी करते. तुम्ही धावपट्टीवर चालू इंजिनाने उड्डाण सुरू करता तेव्हा विमानातला अल्टरनेटर चालू असतो, पण पॅनेलवरचा खराखुरा स्विच खालीच राहिलेला असतो. तो वर केलात की अल्टरनेटर बंद! स्विच चालू दिसतो, बॅटरी मात्र उतरत राहते. उपाय असा: कंट्रोल सेटिंगमध्ये टॉगल काढा, स्विच वर जाण्याला ‘ऑन’ आणि खाली येण्याला ‘ऑफ’ अशा दोन वेगळ्या कमांड द्या. विमान लोड झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक स्विच एकदा खाली-वर करा, म्हणजे दोन्हीकडची स्थिती जुळते. शिवाय शोधपट्टीत ‘अल्टरनेटर’ टाकून पाहा. तीच कमांड दुसऱ्या एखाद्या उपकरणाच्या तयार प्रोफाइलमध्येही असेल, तर ती तिथून काढून टाका.

जेट विमानात कारण निराळं असू शकतं. एअरबस ए३२०मध्ये इंजिन सुरू झालं की जनरेटर आपोआप जोडले जातात. बोइंग ७३७मध्ये ते स्विच हाताने चालू करावे लागतात. ए३२०च्या सवयीने ७३७ उडवणारा हे विसरतो, एपीयू (विमानाच्या शेपटीतलं, वीज पुरवणारं छोटं इंजिन) बंद करतो आणि बहुतेक पडदे जातात. निळा ‘जेन ऑफ बस’ (जनरेटर अजून जोडलेला नाही) दिवा लागलेला असताना एपीयूला हात लावू नये.

यापैकी काहीच नसेल, तर सिमच्या फेल्युअर सेटिंगमध्ये यादृच्छिक बिघाड चालू राहिलेत का ते बघा. काही विमानं मागच्या उड्डाणाची अवस्थाही जपून ठेवतात, उतरलेल्या बॅटरीसकट. तरीही छडा लागला नाही, तर सगळी उपकरणं काढा, अ‍ॅड-ऑनचं फोल्डर बाजूला ठेवा आणि सिमसोबत आलेलं साधं विमान अर्धा तास चालवा. व्होल्टेज टिकलं तर एकेक वस्तू परत जोडत जा. एका वेळी एकच, नाहीतर सगळा खटाटोप वाया.

आता टेबलावरचं कॉकपिट. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. बिनअडॅप्टरच्या हबवर योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल आणि एलईडी पॅनेल लावलं की भार वाढताच उपकरण सुटतं आणि परत जोडलं जातं. विंडोजचा तो टुंग-टुंग आवाज हीच त्याची खूण. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या, केबल आखूड ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. पॉवर ऑप्शन्समधला यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा.

पॅनेल स्वतः बनवलं असेल तर लक्षण नीट वाचा. एकच स्विच मेला असेल तर त्याची वायर किंवा सोल्डर तपासा. शेजारचे चार-पाच एकदम मेले असतील तर कॉमन ग्राउंड (त्या सगळ्यांची सामाईक ऋण वायर) तुटला आहे, एकेक स्विच खोलत बसू नका. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक बोर्डाच्या ग्राउंडला, दुसरं स्विचच्या ग्राउंड टोकाला लावा आणि वायर हलकेच हलवा. बीप तुटला की जागा सापडली.

सर्व्होला (काटे किंवा लिव्हर फिरवणारी छोटी मोटर) आर्डुइनोच्या (पॅनेल चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) पिनमधून किंवा ५ व्होल्टच्या टोकातून वीज देऊ नका. सर्व्हो अडला की एवढा करंट ओढतो की व्होल्टेज कोसळून बोर्ड रीसेट होतो, आणि तेवढ्यापुरतं पॅनेल मेल्यासारखं दिसतं. सर्व्होसाठी वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय ठेवा, दोन्हींचे ग्राउंड जोडा आणि सर्व्होजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन-ऋण टोकं तपासूनच. रिले किंवा सोलेनॉइड असेल तर कॉइलला उलटा डायोड हवाच, १एन४००७ पुरतो. वायर हलवण्याआधी सप्लाय भिंतीच्या सॉकेटमधून काढा. अडॅप्टर गरम होत असेल किंवा घराचा ब्रेकर पडत असेल, तर कॉकपिट बंद ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.