सर्व्हिसिंगहून आली आणि डॅशबोर्डवर दिवाळी

पहिलं सर्व्हिसिंग करून गाडी मुलुंडला आणत होतो. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरू न देणारी), हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी), सगळे पिवळे दिवे एकदम लागले. चार महिन्यांची स्पोर्ट्स कार! ब्रेक लागत होता, कारण ब्रेकचा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचा भाग वेगळा चालतो. पण एबीएस नसताना ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं लॉक होतात. चाळीसच्या वर गेलोच नाही.

शोरूमवाले फोनवर म्हणाले, "सर, सेन्सर गेलाय, पार्ट मागवतो." सकाळी ठणठणीत असलेला सेन्सर दुपारी जातो कसा?

धाकट्या भावाचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला (स्वस्तातले बहुतेक फक्त इंजिनचे कोड दाखवतात, एबीएस वाचणारा हवा). कोड सी००३५: पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर. एका चाकाचा वेग कळेनासा झाला की कॉम्प्युटर एबीएसबरोबर बाकीचंही बंद करतो. इग्निशन बंद केलं, गाडी जॅकस्टँडवर घेतली, चाक काढलं. कुणीतरी सेन्सरच्या वायरचा कनेक्टर अर्धवटच खोचला होता. 'टक्' आवाज येईपर्यंत दाबला, कोड पुसला, सोसायटीत दोन फेऱ्या मारल्या. दिवे गेले. खर्च शून्य, शर्टाचं काय झालं ते मात्र बायकोला विचारा.