बदकं मरायला लागली की आपण हमखास करतो त्या चुका

शेततळ्यात मासे सोडलेलेच असतात, वरून बदकं सोडली की त्यांच्या विष्ठेवर मासेबी पोसतात आणि अंडी वेगळीच, म्हणून आपल्या मराठवाड्यात आता बरेच जण खाकी कॅम्पबेल जातीची पन्नास-शंभर बदकं ठेवायला लागलेत. पण सकाळी उठून चार बदकं मेलेली दिसली की आपण पळतो औषधाच्या दुकानात, अँटिबायोटिकची पावडर आणतो, पाण्यात कालवतो आणि वाट बघत बसतो. मीबी तेच केलं होतं. दोन दिवस गेले आणि निम्मी बदकं गेली, अजून वाईट वाटतं.

कारण तो डक प्लेग होता. प्लेग म्हटलं की लोकांना बीडच्या मामल्याचा १९९४ चा प्लेग आठवतो, पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. तो बॅक्टेरियाचा, हा हर्पीस गटातला व्हायरस, माणसाला होत नाही आणि अँटिबायोटिकनं मरत नाही. आत शिरल्यावर ३ ते ७ दिवसांनी लक्षणं दिसतात, मग एक ते पाच दिवसांत बदक जातं, म्हणजे पहिलं मेलं तेव्हा बाकीच्यांत तो आधीच घुसलेला असतो. बदक उजेड टाळतं, डोळे चिकटतात, पंख लोंबतात, खात नाही पण पाण्यावर सारखं जातं, हिरवट-पांढरी पातळ हागवण लागते आणि अंडी एकदम घटतात. एवढं दिसलं की पावडर राहू द्या, जनावरांच्या डॉक्टरला फोन करा, १९६२ ह्या जनावरांच्या हेल्पलाइनवर लावला तरी चालतो.

वय बघायला लोक विसरतात. अंड्यावरची मोठी बदकं मरत असतील तर प्लेगचा संशय घ्या, पण तीन आठवड्यांच्या आतली पिल्लं मान मागं टाकून, पाय झाडत बघता बघता मरायला लागली तर तो व्हायरल हिपॅटायटिस, म्हणजे व्हायरसनं होणारा लिव्हरचा रोग असू शकतो. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड खाऊनबी बदकं मरतात, त्या विषाला बदक कोंबडीपेक्षा लई नाजूक. म्हणून खाद्याचं पोतं आधी उघडून वास घ्या.

आता लसीचं. कोंबड्यांना राणीखेत रोगाची लस दिली तीच बदकांना टोचली म्हणजे झालं, असं सांगणारे भेटतात, तसं नसतं. डक प्लेगची लस वेगळी, साधारण आठ आठवड्यांच्या वयात अर्धा मिली कातडीखाली, मग दरवर्षी. आणि ती जिवंत लस असते, एप्रिल-मे मधी गाडीच्या डिक्कीत टाकून आणली की तिथंच मेली समजा, मग लस देऊनबी बदकं मेली म्हणून लोक लसीलाच नावं ठेवतात. थर्मासमधी बर्फ घालून आणा, कालवली की तास-दोन तासांत संपवा, उरलेली उद्यासाठी ठेवू नका. साथ सुरू झाल्यावरबी धडधाकट बदकांना ही लस देता येते, पण ते डॉक्टरनं ठरवायचं.

मेलेलं बदक ओढ्यात किंवा तळ्यात फेकणं तर बंदच करा, हा रोग पाण्यातून लई पसरतो. खोल खड्डा, वर चुना, मग माती. जिवंत बदकं आधी तळ्यातून बाहेर काढा.

अजून एक, मेलेलं बदक हातानं चिरून बघू नका. बदकांत बर्ड फ्लू लक्षणं न दाखवताबी राहतो, आणि तो माणसाला होऊ शकतो. परभणीच्या मुरुंब्यात जानेवारी २०२१ मधी कोंबड्या मेल्या, उदगीरला जानेवारी २०२५ मधी कावळे मेले, दोन्हीकडं बर्ड फ्लूच निघाला, म्हणजे लांबचं काही नाही. सरकारी माणसं येऊन सगळी बदकं मारतील ह्या भीतीनं लोक गप बसतात, ती भीती मला कळते, पण कळवणं जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानं बंधनकारक आहे आणि घरात लेकरं असतात.

बाजारातून नवीन बदकं आणली की तीन आठवडे वेगळी ठेवा, भांडी वेगळी, पाणीबी वेगळं. आणि प्लेगातून वाचलेलं बदक धट्टंकट्टं दिसलं तरी त्याच्यात व्हायरस वर्षानुवर्षं दबून राहतो, म्हणून ते नवीन कळपात मिसळू नका आणि दुसऱ्या पाळणाऱ्याला विकू तर अजिबात नका.