दुधाच्या टँकरवर नव्याने रुजू होताना

अवजड वाहन हातात बसलं की दुधाचा टँकर जमेलच, असं धरून बरेच चालक या कामावर येतात. गाडी चालवण्याचं कसब लागतंच. पण डेअरीच्या डॉकवरून, म्हणजे टँकर खाली करण्याच्या जागेवरून, दूध परत पाठवलं जातं किंवा मापात कमी भरतं, तेव्हा चूक बहुतेक वेळा गाडी उभी असताना झालेली असते: धुताना, भरताना किंवा खाली करताना. म्हणून रस्त्याआधी या तीन कामांबद्दल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. अवजड मालवाहू वाहनाचा परवाना हवा. तो दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला येतो. रसायनं किंवा पेट्रोलच्या टँकरसाठी लागणारी धोकादायक मालाची नोंद दुधाला लागत नाही. मात्र दूध हाताळणारा म्हणून एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) अनुसूची ४ प्रमाणे वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र गाडीतच ठेवा.

आता टँकर समजून घ्या. आतली टाकी स्टेनलेस स्टीलची असते, बाहेर पत्रा आणि मधे पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा थर. यात दूध थंड करणारं यंत्र नाही, हे नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. टँकर फक्त थंडपणा टिकवतो. ४ अंशांना भरलेलं दूध चांगल्या टँकरमध्ये रात्रभराच्या प्रवासात एखाद-दोन अंशच चढतं. ९ अंशांना भरलेलं दूध मात्र ९ च्या खाली येणार नाही, ते वरच जाईल. बाहेरच्या पत्र्याला चीर पडून पफमध्ये पाणी मुरलं, तर त्या जागी पत्रा गार लागतो आणि दव धरतो. असा डाग दिसला की लगेच कळवा.

टाकीत बहुधा दोन किंवा तीन कप्पे असतात. प्रत्येकाला वर मॅनहोलचं झाकण, हवा जाण्यायेण्याची नळी आणि धुण्याचा फवारा, खाली व्हॉल्व्ह आणि त्यावर टोपी. झाकणाचं रबरी गॅस्केट आणि व्हॉल्व्ह ते टोपी यांमधली चार बोटं जागा, नासण्याची सुरुवात या दोन ठिकाणांहून होते. सीआयपीचं, म्हणजे टाकी न उघडता फवाऱ्याने होणाऱ्या धुलाईचं पाणी टाकीच्या भिंतींवर फिरतं, पण या कोपऱ्यांत ते नीट पोहोचत नाही. प्रत्येक धुलाईत टोपी काढून आतून ब्रश मारा, गॅस्केट खाचेतून बाहेर काढून वेगळं धुवा आणि व्हॉल्व्ह दोन-चार वेळा उघडबंद करा. होज पाइप आणि त्याच्या नटाचे आटेही तसेच धुवा. होज जमिनीवर टाकू नका. दोन्ही तोंडांना टोप्या लावून टांगून ठेवा.

धुलाईचा क्रम पक्का पाठ हवा. दूध खाली झाल्यावर लगेच साध्या किंवा कोमट पाण्याने विसळायचं. इथे उकळतं पाणी वापरलं, तर दुधातली प्रथिनं स्टीलला चिकटून बसतात आणि मग कॉस्टिकलाही दाद देत नाहीत. त्यानंतर १ ते दीड टक्का कॉस्टिक सोड्याचं द्रावण, ७० ते ७५ अंशांवर, पंधरा-वीस मिनिटं फिरवायचं. याने स्निग्धांश आणि प्रथिनं निघतात. मग पाणी. मग अर्धा ते एक टक्का नायट्रिक ॲसिड, कारण क्षारांचा पांढरट थर कॉस्टिकने निघत नाही. पुन्हा पाणी, आणि शेवटी गरम पाणी किंवा निर्जंतुक करणारं द्रावण. ॲसिडची पाळी रोज असेल की आठवड्यातून ठरावीक दिवशी, हे प्लँट ठरवतो. क्लोरीनचं द्रावण आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो. कॉस्टिक हाताळताना चष्मा, हातमोजे आणि गमबूट हवेतच. शेवटच्या पाण्यात लिटमस बुडवून कॉस्टिक किंवा ॲसिड राहिलं नाही ना, हे ऑपरेटरकडून तुमच्यासमोर बघून घ्या आणि धुलाईचा टॅग घेतल्याशिवाय प्लँटचं गेट सोडू नका.

धुतल्यावर पाणी पूर्ण निथळू द्या. गाडी किंचित उताराला व्हॉल्व्हच्या बाजूला झुकेल अशी लावा आणि सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवा. हे किती महत्त्वाचं आहे, ते हिशोबातून दिसतं. २,००० लिटर दूध घेतलेल्या कप्प्यात ५० लिटर पाणी राहिलं, तर ८.५ टक्के एसएनएफ (दुधातला स्निग्धांश सोडून उरलेला घन भाग) सुमारे ८.३ वर येतो. डेअरीत ते दूध पाणी घातलेलं ठरतं आणि संशय चालकावर जातो.

धुलाईतला एक धोका टाकीच मोडून टाकतो. गरम धुलाईनंतर आत वाफ भरलेली असते. झाकणं घट्ट लावून, हवेची नळी बंद ठेवून थंड पाणी मारलं की वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने टाकी आत चेपते. डॉकवर पंपाने दूध ओढताना झाकण बंद राहिलं, तरी हेच होतं. टाकी आतला दाब सोसते, बाहेरचा नाही. म्हणून पंप सुरू होण्याआधी वर चढून झाकण उघडलंय की नाही, हे स्वतः बघा. आणि टाकीच्या आत उतरू नका, कोणी कितीही घाई केली तरी. आत प्राणवायू कमी असू शकतो, रसायनांची वाफ असू शकते, आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो. आतलं काम परवाना देऊन, हवा तपासून, बाहेर माणूस उभा ठेवूनच होतं.

भरण्याचं काम. बल्क कूलरवर, म्हणजे संकलन केंद्रातल्या दूध थंड करणाऱ्या मोठ्या टाकीवर पोहोचलात की आधी कूलरमधला दूध ढवळणारा पंखा पाच-दहा मिनिटं चालू करायला सांगा, मग तापमान बघा आणि झाकण उघडताच वास घ्या. संध्याकाळचं संकलन नुकतंच ओतलेलं असेल, तर काटा ४ दाखवणार नाही. धारेचं दूध ३७-३८ अंशांचं असतं आणि त्याला थंड व्हायला वेळ लागतो. कप्प्यात घेण्याआधी उकळून बघण्याची, म्हणजे सीओबी चाचणी झालीच पाहिजे; आंबट दूध उकळताना फाटतं. एका केंद्राचं आंबट दूध कप्प्यात गेलं की आधीच्या तीन केंद्रांचं चांगलं दूधही त्याच्याबरोबर गेलं. तापमान जास्त असूनही घ्यायचा आदेश आला, तर चलनावर, म्हणजे दुधासोबतच्या कागदावर, आकडा लिहून केंद्रचालकाची सही घ्या. प्रत्येक केंद्राचा नमुना वेगळ्या सीलबंद बाटलीत, बर्फाच्या पेटीत.

माप घेताना गाडी सपाट जागी हवी आणि फेस बसू द्यायचा. फेसावरची डिप (पट्टी बुडवून घेतलेलं माप) खोटी असते. लिटर आणि किलोचा घोळही समजून ठेवा: दुधाची घनता सुमारे १.०३ असते, म्हणून १०,००० लिटर दूध काट्यावर १०,३०० किलोच्या आसपास भरतं. डेअरीत नमुना निघण्याआधी प्लंजर (दूध ढवळायचा दांडा) मारून कप्प्यातलं दूध तळापासून हलवायला सांगा. उभ्या गाडीत साय वर येते. नमुना वरून काढला तर फॅट जास्त आणि व्हॉल्व्हमधून काढला तर कमी लागतो.

दूध कमी असेल, तर तिन्ही कप्पे अर्धे भरण्यापेक्षा एक-दोन पूर्ण भरा. अर्ध्या कप्प्यात दूध हेलकावे खातं, घुसळलं जातं आणि लोण्याचे कण सुटतात. मागचा एकटा कप्पा भरला, तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग नीट लागत नाही. म्हणून पुढचा आणि मधला आधी भरा, खाली करताना मागचा आधी.

रस्त्यावर हाच हेलकावा मुख्य आहे. ब्रेक लागतो, गाडी थांबते, आणि मग दुधाची लाट पुढच्या भिंतीवर आदळून गाडीला पुन्हा ढकलते. सिग्नलला थांबल्यावर ती लाट निवेपर्यंत पाय ब्रेकवरच ठेवा. वळणावर दूध बाहेरच्या बाजूला चढतं आणि टँकरचा भार मुळातच उंचावर असतो, म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. कोल्हापूरकडून मुंबईला निघालात तर खंबाटकी आणि बोरघाट, संगमनेर-नाशिककडून गेलात तर कसारा. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरा. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात.

निघताना झाकणांच्या आणि व्हॉल्व्हच्या सीलचे क्रमांक चलनाशी जुळवा. वाटेत सील तोडायचं नाही. गाडी बंद पडली, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी प्लँटला फोन करून वेळ, ठिकाण आणि दुधाचं तापमान कळवा, म्हणजे दुसरा टँकर पाठवायचा की थांबायचं, हे त्यांना ठरवता येतं. दुसरा टँकर आलाच, तर सील अधिकाऱ्यासमोर उघडा, त्या टँकरचा धुलाईचा टॅग वाचा, त्याच्या व्हॉल्व्हचा वास घ्या आणि मगच होज जोडा.