आगोटीआधी मोरपंखीचं कुंपण: छाटायचं की काढायचं

आगोटी म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचे दिवस; त्याआधी कुंपणाला मोरपंखी लावलीय की सुरू, ते बघून घ्या. सुरूची हिरवी काडी चिमटीत धरून ओढली की ती सांध्यावर सुटते. ती पानं नव्हेतच, बारीक फांद्या आहेत, आणि सुरू सूचिपर्णी भासलं तरी ते फुलणारं झाड आहे. मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी. दोघांची छाटणी एकाच मापाने करू नये. गड्याला 'सगळं सरसकट उतरव' असं सांगून बाजाराला जाऊ तर मुळीच नये.

मोरपंखीच्या आत हात घालून फांद्या फाकवा. बाहेर हिरवा थर आणि आत तपकिरी काटक्या, जुन्या कुंपणाचं बहुधा असंच असतं. हिरवं जिथे संपतं तिथे सुतळीने खूण करा, कारण तपकिरी लाकडातून पुन्हा फूट येत नाही. कात्री त्या खुणेच्या बाहेरच चालवायची. आठ फुटी कुंपण एकदम चार फुटांवर आणायचं असेल, तर वरून ते बोडकं दिसेल आणि तसंच राहील. हे चालणार नसेल तर काढून टाकणंच बरं. कोवळी सुरू वरचेवर कातरून घेते, पण जाड खोड तोडल्यावर तिचा भरवसा नसतो.

वेळ ठरवताना मोठी छाटणी नवरात्र ते दिवाळीच्या सुमारास ठेवा. मे महिन्यात फक्त शेंडे आणि वाऱ्याला अडणारा झुपका हलका करा. आतला सावलीतला भाग उन्हाळ्यात एकदम उघडा पडला की करपतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आडवी झालेली अनेकांनी पाहिली आहेत. घराच्या कौलांवर किंवा विजेच्या तारांवर झुकलेलं झाड असेल तर आधी तेच हातावेगळं करा. तारांजवळ वीज कंपनीच्या माणसांना बोलावून लाईन बंद करून घ्या, स्वतः शिडी लावू नका.

कुंपणाचा बुंधा रुंद आणि माथा अरुंद ठेवा, म्हणजे खालपर्यंत ऊन पोचतं. उलट आकार दिला की तळ बोडका होतो. समुद्राकडची टोकं खाऱ्या वाऱ्याने लालसर झाली असतील तर गोड्या पाण्याने धुऊन काही दिवस वाट पाहा, लगेच कात्री नको. मोरपंखी सगळीकडून फिकट पडली असेल तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके हलले तर कोळी नावाची बारीक कीड आहे. पावसाळ्यात पाणी तुंबलं की मुळं कुजतात, म्हणून जांभ्याच्या जागेत गडग्यालगत (दगडी बांधालगत) चर काढून ठेवा.

हत्यारं म्हणजे लांब दांड्याची कात्री, करवत, कोयता, पहार, दोरखंड. हातमोजे हवेतच, मोरपंखीचा चीक काहींना खाजवतो. पायात बूट घाला आणि बुंध्याशी काठी आपटून घ्या, जांभ्याच्या फटींत फुरसं असतं. बुलबुलाचं घरटं दिसलं तर तेवढा तुकडा पिल्लं उडेपर्यंत सोडा. छाटलेली मोरपंखी गुरांपुढे टाकू नका.

काढायचंच ठरलं तर नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्या. गावात तलाठी किंवा वनखात्याकडे चौकशी करा. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाला हात लावू नका, ते आपलं नव्हे.

वळवाच्या एक-दोन सरी पडून जमीन मऊ झाली की खणणं सोपं जातं. खोड कमरेएवढं ठेवून वरचं उतरवा; तेच हलवायला दांडा होतं. भोवती चर खणून मुळं तोडा, मग दोरखंडाने ओढा. मोरपंखीचं खोड जमिनीलगत कापून सोडलं तरी पुन्हा फुटत नाही, त्यामुळे औषध ओतण्याची गरज नाही. सुरूच्या बुंध्याला कवचासारखी आळंबी दिसली तर ती बुरशी शेजारच्या माडांनाही लागू शकते. तिथली मुळं उपसून जाळा आणि त्या जागी लगेच माड लावू नका. खड्डे मृगाआधी बुजवा, नाहीतर डास होतात. एरवी मोकळ्या जागेत पहिल्या पावसात निरगुडी, जास्वंद किंवा अडुळशाच्या काड्या खोचा. पावसाळाभर पाणी घालायची फारशी गरज पडणार नाही.