लोक-१ गव्हात तांबेऱ्याचा प्रतिकार आणण्याची पद्धत

आपल्या बाजारात ‘लोकवन’ या नावाने विकला जाणारा लोक-१ हा वाण गुजरातमधील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत तयार झाला. चपातीसाठी तो घरोघरी पसंत केला जातो, परंतु तांबेरा या बुरशीजन्य रोगाला सहज बळी पडतो. त्याचे दाणे आणि चव शक्यतो न बिघडवता त्यात आनुवंशिक प्रतिकार आणायचा असेल, तर काम कोणत्या क्रमाने करावे हे पुढे दिले आहे.

प्रथम शत्रू निश्चित करावा. पिवळा तांबेरा थंड हवामानाचा, म्हणून तो मुख्यतः उत्तर भारताचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात पानावरचा नारिंगी आणि खोडावरचा काळा असे दोन तांबेरे महत्त्वाचे आहेत. बुरशीचे बीजाणू मैदानातल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत, डोंगराळ थंड भागांतून दर हंगामात वाऱ्याबरोबर खाली येतात, हे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवून दिले होते. दक्षिणेकडे हा साठा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत असतो.

त्यानंतर जनुकांची निवड. येथे घाई करू नये. रोपावस्थेपासून काम करणारे प्रबळ जनुक रोग जवळजवळ पूर्ण थोपवतात, पण बुरशीच्या एकाच बदलाने निष्प्रभ होऊ शकतात. राय धान्यातून गव्हात आलेला एसआर ३१ (एसआर म्हणजे खोडाच्या, तर एलआर म्हणजे पानाच्या तांबेऱ्याविरुद्धचा जनुक) जगभर वापरला गेला आणि १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या, पुढे यूजी ९९ या नावाने ओळखल्या गेलेल्या काळ्या तांबेऱ्याने तो निकामी केला. याउलट एसआर २ आणि एलआर ३४ हे जनुक प्रौढ झाडात रोगाचा वेग फक्त मंदावतात, मात्र अनेक दशके उपयोगी राहिले आहेत. म्हणून मी दोन्ही प्रकार एकत्र आणण्याच्या मताचा आहे : एका दात्याकडून, म्हणजे जनुक देणाऱ्या गव्हाकडून, एलआर २४, जो एसआर २४ या खोडाच्या तांबेऱ्याच्या जनुकाशी जोडलेला येतो, आणि दुसऱ्याकडून एसआर २ व एलआर ३४. लोक-१ मध्ये यांपैकी काही आधीच आहे का, हे मार्करने (जनुक ओळखून देणाऱ्या डीएनएवरील खुणेने) तपासूनच संकर सुरू करावा.

संकरासाठी ओंबी पोग्यातून नुकतीच बाहेर पडलेली आणि परागकोश अजून हिरवे असलेली निवडावी. प्रत्येक कणिशिकेतील (ओंबीवरील फुलांच्या लहान गुच्छातील) मधली फुले काढून बाहेरची दोनच ठेवावीत, तुसांची टोके कात्रीने छाटावीत आणि प्रत्येक फुलातील तिन्ही परागकोश चिमट्याने अलगद काढून ओंबीवर बटर पेपरची पिशवी घालावी. दोन-तीन दिवसांनी कुक्षी (फुलाचा पराग धरणारा भाग) पिसासारखी फुलली की पराग टाकावा.

आधी दोन्ही दात्यांचा आपसांत संकर करून त्या पहिल्या पिढीचा लोक-१ शी संकर करावा. एलआर २४ आणि एसआर २४ ही जोडी एकच धरली, तर ही तिन्ही जनुकस्थाने वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे आठांतून एकाच रोपात तिन्ही एकत्र येतात. असे निदान एक रोप मिळण्याची खात्री ९५ टक्के हवी असेल, तर किमान २३ रोपे तपासावी लागतात. अशी रोपे पुन्हा लोक-१ शी दोनदा संकरित केली की लोक-१ चा वाटा सरासरी ८७.५ टक्के होतो. त्यानंतर स्वपरागण करून तिन्ही जनुके शुद्ध स्थितीत असलेले झाड शोधायचे, तर ते ६४ मध्ये एक असते आणि तेवढ्याच खात्रीसाठी १९१ रोपे लागतात. पुष्कळ जण पन्नास-साठ रोपांवर समाधान मानतात आणि मग एखादे जनुक कुठे हरवले याचा शोध घेत बसतात.

एलआर २४ असलेली रोपे पहिल्या पानावर बीजाणू टाकून ओळखता येतात. रात्रभर दमट कक्षात ठेवून सुमारे बारा-चौदा दिवसांनी ० ते ४ या श्रेणीत नोंद करावी आणि ३ व ४ ही बळी पडण्याची लक्षणे समजावीत. एसआर २ आणि एलआर ३४ मात्र रोपावस्थेत दिसत नाहीत, शिवाय प्रबळ जनुक असताना शेतातही ते झाकले जातात. त्यामुळे त्यांच्यासाठी मार्करला पर्याय नाही. तुसांवरची काळसर छटा एसआर २ ची, तर पानांच्या टोकांचे वाळणे एलआर ३४ ची खूण असते, परंतु हवामानानुसार ती कमीजास्त होत असल्याने तिच्यावर एकट्यावर विसंबू नये.

शेतातील परीक्षेत रोग नक्की यायलाच हवा. नाहीतर निरोगी दिसणारी ओळ (संकरातून निवडलेल्या झाडाची संतती) प्रतिकारक्षम होती की केवळ वाचली, हे कळत नाही. वाफ्यांभोवती आणि मधून आग्रा लोकलसारख्या बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेराव्यात, पाणी देऊन संध्याकाळी बीजाणूंचे द्रावण फवारावे आणि रात्री दव पडू द्यावे. सात ते दहा दिवसांच्या अंतराने निदान तीन वेळा रोगग्रस्त भागाची टक्केवारी आणि झाडाची प्रतिक्रिया नोंदवावी; टक्केवारीला प्रतिक्रियेच्या भाराने गुणले की रोगाचा गुणांक मिळतो. उदाहरणार्थ, ‘४० बळी’ या नोंदीचा गुणांक ४० होतो, तर ‘४० मध्यम प्रतिकारक’ या नोंदीचा १६, कारण त्या प्रतिक्रियेचा भार ०.४ आहे. महाबळेश्वरचे गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्र आणि निलगिरीतील वेलिंग्टन ही या परीक्षेची परिचित ठिकाणे आहेत; वेलिंग्टनला मैदानातला हंगाम संपल्यावरही गहू घेता येतो, त्यामुळे एका वर्षात दोन पिढ्या पुढे जातात.

निवडलेल्या ओळींचे पीठ मळून पाहिल्याशिवाय त्यांना पुढे नेऊ नये. परक्या गवतातून किंवा धान्यातून आलेल्या गुणसूत्राच्या तुकड्याबरोबर नको ते गुणही येतात : रायच्या तुकड्याने कणीक चिकट होऊ शकते, तर एलआर १९ बरोबर पीठ पिवळे पडते. अशी ओळ तांबेऱ्यापुढे कितीही चांगली ठरली, तरी चपातीच्या बाजारात ती लोकवन म्हणून विकली जाणार नाही.