मृगाआधी पाझर तलावाचा सांडवा मोकळा करा

रोहिणी नक्षत्र लागले की बियाणे, खते आणि पेरणीची तयारी याकडे प्रत्येकाचे लक्ष असते. शिवाराच्या वरच्या अंगाला असलेल्या मातीच्या तलावाकडे मात्र कोणी फिरकत नाही. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात असे शेकडो पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरवून विहिरींना देणारे तलाव, 1972 च्या दुष्काळातील कामांवर आणि पुढे रोजगार हमीतून बांधले गेले. त्यांपैकी अनेकांचे भराव, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध, आता पन्नाशीचे झाले आहेत. हे तलाव फुटून खालच्या ओढ्याकाठची सोयाबीनची उभी राने खरडून गेलेली आणि वर तलाव कोरडा पडल्याने विहिरी उघड्या पडून रब्बीही हातची गेलेली मी पाहिली आहे. बहुतेक ठिकाणी कारण एकच होते : सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, अडलेला होता. म्हणून या सल्ल्यात पिकांची कामे थोडक्यात दिली आहेत आणि सांडव्याविषयी सविस्तर लिहिले आहे.

दगडी किंवा काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहिले तरी तो बहुधा टिकतो. मातीच्या भरावाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते खालचा उतार कापत नेते आणि काही तासांत भराव तुटतो. गुजरातेतील मोरबीजवळच्या मच्छू-2 धरणावर 11 ऑगस्ट 1979 रोजी सांडव्याच्या क्षमतेपेक्षा मोठा पूर आला, तेव्हा दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले आणि मधला दगडी भाग जागेवर उभा राहिला. आपला तलाव त्या मानाने फार लहान असला तरी मातीचा गुणधर्म तोच आहे. जादा पाणी बाहेर जाण्यासाठी सांडवा हीच एक वाट ठेवलेली असते, आणि ती तीन प्रकारे अडते.

पहिला प्रकार पोत्यांचा. पाणी जास्त दिवस पुरावे म्हणून भाद्रपदात सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात आणि पुढच्या पावसाळ्यातही ती तशीच राहतात. दुसरा प्रकार झाडोऱ्याचा. बेशरम, वेडी बाभूळ आणि घाणेरी सांडव्याच्या तोंडाशी माजतात. पुरात वाहून आलेला पालापाचोळा त्यात अडकला की सांडव्याची रुंदी निम्मी होते. तिसरा प्रकार अतिक्रमणाचा. सांडव्यापासून ओढ्यापर्यंतची पाणवाट कोणीतरी नांगरून पेरतो, तिच्यात बांध घालतो किंवा मुरूम टाकून बैलगाडीचा रस्ता करतो. हा विषय भाऊबंदकीचा असल्याने गावात कोणी तोंड उघडत नाही. पण पाणवाट बुजली तर सांडव्याचे पाणी वळून भरावाच्याच टोकाला खाऊ लागते.

याचे गणित प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावे. भरावाचा माथा सांडव्यापेक्षा दीड मीटर उंच आहे आणि मोठ्या पुरात सांडव्यावरून 60 सेंटिमीटर पाणी वाहते, असे धरू. म्हणजे माथा पाण्याच्या वर 90 सेंटिमीटर राहतो. आता झाडोऱ्याने सांडव्याची रुंदी निम्मी केली तर तेवढेच पाणी बाहेर जाण्यासाठी त्याची उंची दीडपटीहून अधिक, म्हणजे सुमारे 95 सेंटिमीटर व्हावी लागते. त्याखाली 50 सेंटिमीटर पोती असतील तर पाणी सांडव्याच्या मूळ पातळीपेक्षा 145 सेंटिमीटर चढते आणि माथा जेमतेम पाच सेंटिमीटर उरतो. वाऱ्याची एक लाट त्यावरून सहज जाते. भराव पन्नास वर्षांत मध्यभागी खचलेला असेल, आणि तो बहुधा खचलेला असतोच, तर तेवढेही उरत नाही.

म्हणून पोती काढावीत, झुडपे मुळासकट उपटावीत आणि पाणवाट ओढ्यापर्यंत मोकळी करावी. हे काम मृगाआधी, म्हणजे 7 जूनच्या आत उरकावे. गावातील दहा-पंधरा जणांनी एक दिवस दिला तर ते होते. त्यासाठी निधीची वाट पाहू नये.

सांडवा मोकळा झाल्यावर भराव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहावा. घुशी, उंदीर आणि खेकडे यांची बिळे खोलवर खणून ओलसर काळ्या मातीने भरावीत. माती 15 सेंटिमीटरचे थर देत धुमसाने ठोकावी, वरून नुसती लोटून देऊ नये. उन्हाने पडलेल्या भेगांपैकी भरावाच्या लांबीने गेलेल्या भेगांपेक्षा भराव आडवा कापणाऱ्या भेगा अधिक घातक असतात, कारण त्या पाण्याला आरपार वाट देतात. त्याही याच रीतीने भराव्यात. लहान झुडपे उपटावीत, परंतु भरावावरचा जुना मोठा वृक्ष जूनमध्ये घाईने तोडू नये. त्याची मुळे आत कुजली की त्यांच्या जागी पोकळ्या राहतात, त्यामुळे ते काम अभियंत्याला दाखवूनच करावे. उतारावर हराळी असेल तर ती अजिबात खणू नये, आणि उघड्या जागी पहिल्या पावसानंतर तिचीच लागवड करावी. भर उन्हाळ्यात खालच्या उतारावर एखादाच पट्टा हिरवागार दिसला तर तेथे आत ओल आहे असे मी समजतो आणि त्या जागी खूण म्हणून खुंटी ठोकायला सांगतो.

मोटारीचे पाइप भराव फोडून नेण्याची पद्धत ताबडतोब थांबवावी. पाइपच्या बाहेरच्या अंगाने पाणी माती ओढत जाते. पाइप माथ्यावरून न्यावा.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून गाळ जरूर न्यावा, मात्र तो तलावाच्या पोटातून, भरावापासून दूर खोदावा. जेसीबीवाले भरावाच्या पायथ्याशीच खड्डा घेतात, कारण तेथे गाळ जाड असतो आणि रस्ताही जवळ पडतो. तेथे खणले की भरावाचा आधार जातो.

सध्या गावोगावी गळती बंद करणारी पावडर, रसायने आणि प्लास्टिकचा कागद विकणारे फिरत आहेत. पाझर तलाव पाझरण्यासाठीच असतो. त्याच्या पोटातून मुरलेले पाणी आपल्या विहिरींना मिळते. अस्तराचा कागद शेततळ्यासाठी ठीक आहे, पाझर तलावासाठी तो पैशाचा अपव्यय आहे. चिंता करायची ती भरावातून होणाऱ्या गळतीची, आणि ती कोणत्याही पुडीने थांबत नाही. गळतीचे पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवावे. ते स्वच्छ राहिले तर लक्ष ठेवावे. तळाशी माती बसली तर भराव आतून वाहू लागला आहे असे समजावे. अशा वेळी खालच्या बाजूने चिकणमाती लावून तोंड बंद करू नये, कारण पाणी दुसरीकडून फुटते. त्या जागी आधी जाड वाळू, तिच्यावर खडी आणि वर दगड असा उलटा गाळक थर द्यावा, म्हणजे पाणी निघते आणि माती आत राहते. तलावाला विमोचक, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, असेल तर त्याच वेळी ते उघडून तलावाची पातळी खाली आणावी. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि भेंदवाडीतील किमान 19 माणसे गेली. तेथील गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. म्हणून तक्रार तोंडी न करता ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, तर त्यावरील 600 हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे येतात.

तलावाखालच्या सोयाबीनसाठी नेहमीची कामे :

– 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करावी.
– घरच्या बियाण्याची उगवण तपासावी. ती 70 टक्के असावी.
– रायझोबियम हे जिवाणू खत 25 ग्रॅम प्रति किलो बियाण्यास पेरणीपूर्वी सावलीत लावावे.
– बी 3 ते 5 सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये.
– नत्र, स्फुरद, पालाश 30:60:30 किलो प्रति हेक्टर द्यावे. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट घेतल्यास गंधकही मिळते.
– दुकानदार सोबत देतो ती टॉनिके घेऊ नयेत.
– शंखी गोगलगाय तलावाखालच्या ओलसर रानात आधी दिसते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर ठेवावीत आणि सकाळी गोळा झालेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात.

एकदा जूनमध्ये सांडवा मोकळा केला म्हणजे काम संपले असे होत नाही. आपल्याकडे तलाव बहुधा सप्टेंबरमध्ये भरतो; त्या वेळी सोयाबीन काढणीला आलेले असते, पाऊस संपला असे वाटते आणि नेमकी तेव्हाच पुन्हा पोती रचली जातात. हस्ताचा पाऊस त्यानंतर, सप्टेंबरच्या अखेरीस पडतो आणि भरलेल्या तलावावर पडतो. माझ्या पाहण्यातले बरेच तलाव याच काळात गेले आहेत. म्हणून पोळ्यानंतर सांडवा पुन्हा एकदा पाहावा आणि परतीचा पाऊस पूर्ण संपेपर्यंत त्यावर एकही पोते ठेवू देऊ नये. दर मोठ्या पावसानंतर दोघांनी मिळून भरावावर फेरी मारावी. एकट्याने रात्री जाऊ नये. पाणी चढत माथ्याच्या हातभर खालपर्यंत पोहोचले किंवा गळती गढूळ झाली तर आधी ओढ्याकाठची वस्ती, आखाडे आणि गोठे खाली करावेत, मग तहसील कार्यालयाला आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवावे. ओढ्याकाठी राहणाऱ्या प्रत्येक घराचे फोन नंबर आजच लिहून ग्रामपंचायतीत आणि भरावाजवळच्या शेतकऱ्याकडे ठेवावेत.